दर नव्या मशीनवर लिनक्सचा बिल्ड अडतो: डिपेंडन्सीचा घोळ कायमचा कसा सोडवायचा

रबाळे, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांकडून हल्ली एक ठरावीक काम येतं. वजनकाट्याचं, लेबल प्रिंटरचं किंवा भट्टीचं तापमान नोंदवणारं एखादं सॉफ्टवेअर पंधरा-वीस वर्षांपूर्वी विंडोजवर सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं असतं. लिहिणारा केव्हाच दुबईला गेलेला. सोर्स एका झिप फाइलमध्ये मिळतो आणि मालकांना ते आता पंखा नसलेल्या छोट्या पीसीवर, लिनक्सवर हवं असतं.

कोड बदलायचं काम यात असतंच, पण खरा वेळ खातो तो बिल्ड, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्राम बनवणं. अमुक हेडर (लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख देणारी फाइल) सापडत नाही, तमुक लायब्ररी सापडत नाही. बाहेरून लागणाऱ्या या गोष्टी म्हणजेच डिपेंडन्सीज. कुणीतरी नेटवर शोधून दोन पॅकेजेस टाकतं, बिल्ड होतो, सगळे चहाला जातात. पुढे नवा लॅपटॉप येतो किंवा क्लायंटच्या मशीनवर बिल्ड करायची वेळ येते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कारण एकच: दुरुस्ती मशीनमध्ये झालेली असते, प्रोजेक्टमध्ये तिची नोंदच नसते. तेव्हा खाली एरर कसा सोडवायचा हे आहेच, पण प्रत्येक वेळी ती दुरुस्ती प्रोजेक्टमध्ये कुठे लिहायची तेही बघू.

कमांडची नावं आपण फोनवर सांगतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये, स्मॉल अक्षरांत. व्हेरिएबल्सची नावं मात्र कॅपिटलमध्ये.

आधी बघा, तक्रार कोणाची आहे

'सापडत नाही' असं चार वेगवेगळे जण म्हणतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत. बिल्डआधी मशीन तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट किंवा सीमेक म्हणतं, की पॅकेज नाही. कंपायलर म्हणतो 'फेटल एरर, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी', म्हणजे हेडर नाही. कंपाइल झालेले तुकडे (ऑब्जेक्ट फाइल्स) आणि लायब्ररीज जोडणारा लिंकर म्हणतो 'कॅनॉट फाइंड' किंवा 'अनडिफाइंड रेफरन्स'. आणि सगळं बिल्ड झाल्यावर प्रोग्राम चालवताना लोडर म्हणतो 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज'. हे न बघता ॲप्ट इन्स्टॉल (उबंटूवर पॅकेज टाकायची कमांड) मारत सुटलं तर मशीन भरतं, प्रश्न तिथेच राहतो.

दुसरी गोष्ट, पहिला एरर शोधा. मेक (बिल्ड चालवणारं टूल) आठ जॉब्जवर चालवला असेल तर आउटपुट म्हणजे सकाळी नऊला ठाणे स्टेशनवर सगळ्या प्लॅटफॉर्मच्या घोषणा एकदम ऐकण्यासारखं. शेवटच्या ओळीत दिसतो तो बहुतेक वेळा परिणाम असतो. एका जॉबवर मेक चालवा, आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि वरून खाली वाचा. मेकला व्हर्बोज करा, त्याच्याऐवजी निन्जा असेल तर हायफन व्ही द्या, म्हणजे कंपायलरला नेमके कोणते फ्लॅग गेले ते दिसतं. कॉन्फिगर स्क्रिप्टचं खरं कारण स्क्रीनवर नसतं, ते कॉन्फिग डॉट लॉग फाइलमध्ये असतं. तिथे बऱ्याचदा कळतं, की लायब्ररी आहे, फक्त तपासणीसाठीचा छोटासा प्रोग्राम भलत्याच कारणाने कंपाइल झाला नाही.

लायब्ररी आहे, तरी 'नाही' का म्हणतो

विंडोजवरून आलेल्या माणसाला हे सगळ्यात आधी चकवतं. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या डिस्ट्रोंवर (प्रकारांवर) एकच लायब्ररी दोन पॅकेजेसमध्ये फोडलेली असते. एसक्यूलाइट घ्या. प्रोग्राम चालायला लागते ती लिबएसक्यूलाइट३ डॉट एसओ डॉट ० ही फाइल एका पॅकेजमध्ये असते आणि ती बहुधा आधीच मशीनवर असते. बिल्ड करायला मात्र हेडर लागतो, पीकेजी-कॉन्फिगची (लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या टूलची) डॉट पीसी फाइल लागते आणि शेवटी आकडा नसलेली डॉट एसओ ही लिंक लागते. हे तिन्ही लिबएसक्यूलाइट३-डेव्ह या पॅकेजमध्ये. फेडोरा, रेड हॅटवर तेच डेव्हल म्हणून शेवट होणाऱ्या पॅकेजमध्ये.

लिंकर आकडा नसलेलं नाव शोधतो. म्हणून डोळ्यांसमोर लायब्ररी दिसत असूनही तो 'कॅनॉट फाइंड' म्हणतो. अशा वेळी काही जण एलएन कमांडने ती लिंक हाताने बनवतात. कृपया करू नका. हेडर भलत्याच आवृत्तीचा निघाला तर बिल्ड होईल आणि कारखान्यात, शिफ्ट बदलताना, प्रोग्राम कोसळेल.

पॅकेजचं नाव अंदाजाने टाइप करण्यापेक्षा विचारून घ्या. उबंटूवर ॲप्ट-फाइल हे टूल टाका, एकदा अपडेट करा आणि हेडरच्या नावाआधी तिरकी रेघ देऊन सर्च करा. रेघेमुळे त्या नावाने शेवट होणाऱ्या भलत्याच फाइल्स गळतात. फेडोरावर डीएनएफ प्रोव्हाइड्स. आणि तुम्ही पोर्ट करताय त्याच सॉफ्टवेअरची कुठलीतरी आवृत्ती डिस्ट्रोत आधीच असेल, तर ॲप्ट बिल्ड-डेप एका फटक्यात सगळी यादी आणतं. त्यासाठी सोर्स रिपॉझिटरी चालू हवी. उबंटू २४.०४ पासून ती ओळ जुन्या सोर्सेस डॉट लिस्टमध्ये नसते, तर उबंटू डॉट सोर्सेस या फाइलमध्ये 'टाइप्स'समोर डेब-एसआरसी लिहावं लागतं. जुने लेख वाचून लोक रिकाम्या फाइलमध्ये शोधत बसतात.

एक खरी केस: यूएसबीवरचा लेबल प्रिंटर

ही तपशिलात सांगतो, कारण यात जवळजवळ सगळे सापळे एका जागी आहेत. लेबल प्रिंटरशी थेट बोलणारा कोड, वर इन्क्लूड लिबयूएसबी डॉट एच. कोपरखैरण्याहून आमच्या टीममधल्या मुलाचा फोन.

"सर, पॅकेज टाकलं, तरी तोच एरर."

"कुठलं टाकलंस?"

"लिबयूएसबी-डेव्ह."

नाव बरोबर वाटतं ना? पण डेबियन-उबंटूवर त्या नावाचं पॅकेज म्हणजे जुनी ०.१ मालिका. तिचा हेडर यूएसबी डॉट एच, फंक्शनं वेगळी. हव्या असलेल्या पॅकेजचं नाव लिबयूएसबी-१.०-०-डेव्ह. फेडोरावर तेच लिबयूएसबी१-डेव्हल. ते टाकलं, आणि एरर तसाच!

कारण हेडर यूएसआर-इन्क्लूडमध्ये थेट नसतो, आत लिबयूएसबी-१.० नावाच्या फोल्डरमध्ये असतो, आणि कंपायलर आपणहून पोटफोल्डरांत डोकावत नाही. इथे दोन वाटा फुटतात. एक म्हणजे सोर्समधली इन्क्लूडची ओळच बदलून फोल्डरसकट पत्ता लिहायचा. त्या मशीनवर चालतं. पण उद्या कुठल्या एआरएम बोर्डासाठी, म्हणजे वेगळ्या प्रोसेसरसाठी, क्रॉस-कंपाइल करताना लायब्ररी वेगळ्याच जागी ठेवली, की तो पत्ता फसायला मोकळा.

दुसरी वाट पीकेजी-कॉन्फिगची, आणि माझ्या मते तीच घ्यावी. पीकेजी-कॉन्फिगला सी-फ्लॅग्ज आणि लिब्ज हे दोन पर्याय देऊन लिबयूएसबी-१.० विचारलं, की ते हेडरचा फोल्डर आणि लिंकरचा फ्लॅग दोन्ही सांगतं. ही माहिती लायब्ररी बनवणाऱ्यांनीच डॉट पीसी फाइलमध्ये लिहून ठेवलेली असते. सीमेकमध्ये पीकेजी-चेक-मॉड्यूल्स वापरा, त्यात रिक्वायर्ड आणि इम्पोर्टेड टार्गेट हे दोन शब्द घाला आणि तयार होणारं टार्गेट आपल्या प्रोग्रामला लिंक करा. आता ही दुरुस्ती प्रोजेक्टमध्ये बसली. पॅकेज नसेल तर नव्या मशीनवर पहिल्याच मिनिटाला नाव घेऊन एरर येतो, अर्ध्या तासाने कंपायलरच्या तोंडून नाही.

पीकेजी-कॉन्फिगच मशीनवर नसलं तर? सीमेक सरळ सांगतं. ऑटोकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारं टूल) मात्र भलतंच बोलतं. कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये पीकेजी-चेक-मॉड्यूल्सच्या ओळीवर 'सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन' येतो आणि माणूस शेल स्क्रिप्टमधले कंस मोजायला बसतो. तो मॅक्रो उलगडलाच गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पीकेजी-कॉन्फिग टाका, ऑटोरीकॉन्फ एफ-आय पर्यायांसह पुन्हा चालवा.

स्वतः सोर्समधून बनवलेली लायब्ररी यूएसआर-लोकलमध्ये असेल तर डेबियन-उबंटूचं पीकेजी-कॉन्फिग तिथे आपणहून बघतं. फेडोरावर पीकेजी-कॉन्फिग-पाथ हा व्हेरिएबल द्यावा लागतो.

कुठल्याच पॅकेजमध्ये नसलेल्या डिपेंडन्सीज

विंडोजच्या कोडमधले काही हेडर शोधण्यात अर्थ नाही: कॉनिओ डॉट एच, डायरेक्ट डॉट एच, विनसॉक२ डॉट एच, आणि अर्थात विंडोज डॉट एच. ॲप्ट-फाइलमध्ये विंडोज डॉट एच सापडेलही, पण तो मिनजीडब्ल्यूचा असतो, लिनक्सवरून विंडोजसाठी बिल्ड करण्याचा. तो इन्क्लूड पाथमध्ये घुसवला की एका एररचे शंभर होतात. इथे कोडच बदलायचा. कॉम३ हा सिरियल पोर्ट उघडणारा भाग टर्मिऑस या लिनक्सच्या इंटरफेसवर न्यायचा, सॉकेट्स लिनक्सच्या हेडरवर.

त्यातच नावांचा घोळ. विंडोजला मॉडबस डॉट एच कॅपिटलमध्ये लिहिलं काय आणि स्मॉलमध्ये काय, सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. इन्क्लूडमधली उलटी तिरकी रेघही चालत नाही. सगळ्या इन्क्लूडच्या ओळी ग्रेपने काढून एकदाच सुलट्या करा. आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत असेल, शेवटी टोपीवाला एम दिसत असेल, तर फाइल विंडोजच्या ओळ-शेवटांसह आली आहे. डॉस२युनिक्स चालवा, आणि तेवढ्यावर न थांबता गिट ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये नियम लिहा, नाहीतर पुढचा माणूस विंडोजवरून कमिट करून पुन्हा तेच घडवेल.

अनडिफाइंड रेफरन्स

हेडर मिळाले, कंपाइल झालं, लिंकर अडला. लायब्ररी नाही असं समजून नवं पॅकेज टाकण्याआधी तीन गोष्टी बघा.

क्रम. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. लायब्ररी तिला वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइल्सच्या नंतर यायला हवी. उबंटूवर ॲज-नीडेड हा पर्याय मुळातच चालू असल्यामुळे आधी लिहिलेली शेअर्ड लायब्ररीही गळून पडते. दुसऱ्या डिस्ट्रोवर नीट चालणारी मेकफाइल उबंटूवर पडते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. लायब्ररीची नावं एलडी-फ्लॅग्जमधून काढून एलडी-लिब्जमध्ये टाका.

नावाचं रूप. मेसेजमध्ये फंक्शनच्या नावापुढे कंसात पॅरामीटर्स दिसतात का? म्हणजे लिंकर सी प्लस प्लसचं नाव शोधतोय. लायब्ररी सी-मधली असेल तर हेडरला एक्स्टर्न-सी गुंडाळायचं राहिलंय.

आणि स्ट्रिंगच्या नावात सीएक्सएक्स११ दिसत असेल तर मामला वेगळा. २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ या कंपायलरने स्ट्रिंग आणि लिस्टची आतली रचना बदलली. मशीन बनवणाऱ्या कंपनीने त्याआधीच्या कंपायलरवर बनवलेली बंद लायब्ररी दिली असेल तर ती नव्या कोडशी जुळत नाही. नवी मागा. मिळत नसेल तर जुनी रचना वापरण्यासाठी नव्या रचनेचा मॅक्रो शून्य करून आपला सगळा कोड, आणि त्याला जोडलेल्या सी प्लस प्लसच्या बाकीच्या लायब्ररीज, त्याच सेटिंगने बिल्ड करा. अर्ध्यालाच लावून भागत नाही.

जुना कोड, नवी साधनं

काही एरर डिपेंडन्सी नसल्याचे नसतात, ती फार नवी असल्याचे असतात. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या स्ट्रक्चरवर 'इनकम्प्लीट टाइप' आला, तर कोड २०१६ च्या १.१.० आवृत्तीआधीचा आहे. तेव्हापासून आतली फील्ड्स झाकली गेली, फंक्शनंच वापरावी लागतात. जुनी १.०.२ शोधून टाकू नका. कारखान्याच्या नेटवर्कवर असली आवृत्ती ठेवणं हा वेगळाच धोका आहे.

'मल्टिपल डेफिनिशन' आला, की हेडरमध्ये एक्स्टर्नशिवाय ग्लोबल व्हेरिएबल आहे. २०२० मध्ये जीसीसी १० येईपर्यंत हे खपायचं. जीसीसी १३ वर 'यूइंट३२-टी डझ नॉट नेम अ टाइप' म्हणजे सी-एसटीडी-इंट हेडर स्वतः इन्क्लूड करा. पूर्वी तो दुसऱ्या हेडरमागून आपोआप यायचा. २०२४ च्या जीसीसी १४ पासून न सांगता वापरलेलं फंक्शन ही वॉर्निंग राहिली नाही, सरळ एरर आहे. आरपीसीचे हेडर आणि सिस-सिसकंट्रोल हेडर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३२ मध्ये काढून टाकले. आरपीसीसाठी लिबटीआयआरपीसी-डेव्ह आहे, आणि त्याचेही हेडर टीआयआरपीसी या पोटफोल्डरमध्ये, पुन्हा पीकेजी-कॉन्फिगच.

२०२५ मध्ये आलेलं सीमेक ४.० हे ३.५ च्या आधीची किमान आवृत्ती मागणारी फाइल उघडतच नाही. कमांड लाइनवर सीमेक-पॉलिसी-व्हर्जन-मिनिमम ३.५ देऊन तात्पुरतं भागतं. आपली फाइल असेल तर ती ओळच बदला.

माझ्या मशीनवर चालतं, तुमच्यावर का नाही

याचं उत्तर पुष्कळदा यूएसआर-लोकलमध्ये दडलेलं असतं. कधीतरी कुणीतरी सुडो मेक इन्स्टॉल केलेलं असतं. जीसीसी यूएसआर-लोकलमधला इन्क्लूड फोल्डर सिस्टिमच्या फोल्डरआधी बघतो, त्यामुळे हेडर एका आवृत्तीचा आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, असा संसार सुरू होतो. जीसीसीला हायफन कॅपिटल एच दिला की प्रत्येक हेडर कुठून उचलला ते छापून येतं. एकदा चालवून बघा.

सीमेकचा कॅशही यात भर घालतो. आधी सापडलेला चुकीचा पाथ आणि आधी नापास झालेल्या तपासण्या तो लक्षात ठेवतो, पॅकेज टाकलं तरी. बिल्ड फोल्डर उडवा, किंवा सीमेक ३.२४ किंवा त्यापुढचं असेल तर फ्रेश हा पर्याय द्या.

यावर कायमचा उपाय म्हणजे कोरा कंटेनर, म्हणजे आपल्याच मशीनवर चालणारं वेगळं, स्वच्छ लिनक्स. ज्या डिस्ट्रोवर प्रोग्राम चालणार त्याच आवृत्तीची इमेज घ्या, ॲप्टला नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स द्या आणि प्रोजेक्ट बिल्ड करा. जे जे अडेल तेवढंच एकेक करून कंटेनर फाइलमध्ये लिहा. ती फाइल सोर्ससोबत गिटमध्ये. आमच्याकडे नियम असा आहे, की एखादं पॅकेज त्या फाइलमध्ये नसेल तर ते कुणाच्याही लॅपटॉपवर असून नसल्यासारखं. कटकट वाटते, पण नवा माणूस पहिल्या दिवशी दुपारी जेवायच्या आत बिल्ड करून मोकळा होतो.

बिल्ड झाला, कारखान्यात चालत नाही

प्रोग्रामवर एलडीडी चालवा आणि 'नॉट फाउंड' बघा. लायब्ररी यूएसआर-लोकलमध्ये नुकतीच टाकली असेल तर एलडीकॉन्फिग चालवायचं राहिलं असेल. फेडोराच्या घरातल्या डिस्ट्रोंवर तो पाथ मुळात यादीतच नसतो, ईटीसीमधल्या एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये एक फाइल लिहावी लागते. एलडी-लायब्ररी-पाथ बॅश-आरसीमध्ये चिकटवू नका. मशीनसोबत आपोआप सुरू होणाऱ्या सिस्टिमडीच्या सर्व्हिसला ते दिसत नाही, आणि मग 'हाताने चालवलं तर चालतं, मशीन रीस्टार्ट केलं की नाही' अशी तक्रार येते.

'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' हा मेसेज वेगळा. उबंटू २४.०४ वर बिल्ड केलंत, तिथे जीलिबसी २.३९. कारखान्यात डेबियन ११, तिथे २.३१. नेमका २.३४ हाच आकडा इतक्यांदा का दिसतो? २०२१ च्या त्या आवृत्तीत थ्रेड्सची लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली आणि मेन सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही नवा आवृत्तीक्रमांक मिळाला. त्यामुळे २.३४ किंवा नंतरच्या जीलिबसीवर बिल्ड केलेला साधा 'नमस्कार' छापणारा प्रोग्रामही निदान २.३४ मागतो. क्लायंटच्या मशीनवर नवी लिबसी कॉपी करायचा विचारही नको. एलएस कमांडसुद्धा चालेनाशी होईल. ज्या ज्या मशीन्सवर चालवायचं त्यातल्या सगळ्यात जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा. जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, उलट नाही.

शॉप फ्लोअरच्या मशीनला बहुधा इंटरनेट नसतं. तिथे नुसती बायनरी पेनड्राइव्हवर नेण्यापेक्षा डेब पॅकेज बनवा. डीपीकेजी-एसएचलिबडेप्स हे टूल बायनरी तपासून तिला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी स्वतः काढतं. मग त्याच डिस्ट्रोच्या कोऱ्या कंटेनरमध्ये ॲप्ट-गेट इन्स्टॉलला डाउनलोड-ओन्ली देऊन आपलं डेब द्या. त्याला लागणारी सगळी पॅकेजेस व्हारमधल्या ॲप्टच्या कॅश फोल्डरमध्ये जमा होतात. आपल्या लॅपटॉपवर हे करू नका, तिथे जे आधीच इन्स्टॉल आहे ते डाउनलोडच होणार नाही आणि नेमकं तेच क्लायंटकडे नसेल. फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, तिथे गेल्यावर सगळ्या डेब फाइल्स ॲप्ट इन्स्टॉलला एकदम द्या, नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावून. टिंब-रेघ विसरलात तर ॲप्ट ती नावं रिपॉझिटरीत शोधायला जातं, आणि नेट नसलेल्या मशीनवर तिथेच अडतं.